फ्लेक्सवरची मोकळी जागा

खोटं बोलायची सवय मला न्हाई. टोचून बोलायची हाय, ते सगळा गाव सांगतो. तुम्ही खरं धरा न धरा, हे माझ्यासमोर घडलंय.

यंदाच्या वैशाखातली गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या बाजाराचा दिवस.

रात्र नव्हती. भर दुपार होती... तेच तर.

माझ्या नातवाचं, आर्यनचं लग्न तोंडावर आल्तं. मांडवापुढं लावायचा फ्लेक्स त्यानं पुण्याच्या दोस्ताकडून बनवून घेतला अन् मोबाईलवर मला दाखवला. सगळ्यात वर त्याच्या आईचा फोटो. शीतल, माझी थोरली सून. पोरगं रांगत होतं तव्हा काविळीनं गेली. भिंतीवरचा तोच एक फोटो त्यानं दोस्ताला पाठवला होता.

अन् मी? खाली कोपऱ्यात. सुपारीएवढी.

ते मला सोसलं न्हाई.

कुणाला न सांगता मी परवेजच्या दुकानात गेल्ते. परवेज म्हणजे लालमियाँचा पोरगा, फ्लेक्स छापतो. आर्यननं फाईल त्याच्याकडंच धाडली होती.

"शुभकार्यात मेलेलीचं तोंड कशाला? काढ तिला. तिथं मला बसव."

"मावशी, आर्यनला विचारलं का?"

"घरात मोठी मी का तो?"

तो हसला. "पीडीएफ हाय ही. बघायला एकच चित्र. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की समदं सुटं होतं. मंग पाहिजे त्याला उचला."

खरंच सुटं झालं. 'शुभविवाह' फुटलं. वेलांटी एकीकडं, काना एकीकडं.

"त्यांचा फॉन्ट माझ्याकडं न्हाई. पुन्हा टाइप करतो. घाबरू नका."

"घाबरती माझी चप्पल!"

त्यानं शीतलच्या फोटोवर बाण नेला. भोवती चौकट आली. बटण दाबलं.

गेली.

...न्हाई. तिथंच होती.

"डबल आलाय," परवेज म्हणला. "पीडीएफमधून घेतलं की कधी कधी खाली दुसरी कॉपी राहती."

पुन्हा खोडलं.

तेवढ्यात माझ्या मागं कुणीतरी खाकरलं... हळूच.

मी वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन.

शीतल अशीच खाकरायची. मोठी माणसं बसलेली असली की उंबऱ्याबाहेर थांबायची. मी 'ये' म्हणेपस्तोर आत पाऊल टाकायची न्हाई.

संगणकावर अजून एक फोटो होता.

पण आता पदर कपाळावर आल्ता.

परवेजनं बाहीनं काच पुसली. खोडला.

पुन्हा खाकरणं... जरा जवळून.

खालच्या फोटोत पदर नाकापस्तोर. तोही खोडला. त्याच्या खालच्यात मान खाली. नुसता भांग दिसत होता.

परवेजनं माऊसवरचा हात काढला. "मावशी, बस करू. मला बराबर वाटून न्हाई राह्यलं."

अन् मी काय म्हणले? सांगतानाही लाज वाटती.

"खोड म्हणते ना! जितेपणी कुणाला नडली न्हाई, मेल्यावर काय करती?"

त्यानं बटण दाबलं.

शेवटच्या फोटोत तिची पाठ होती. निघालेल्या बाईची.

मंग तीही न्हाई. पांढरी जागा.

खाकरणं थांबलं.

त्या जागी माझा फोटो ठेवायला परवेज तयार झाला न्हाई. "असाच छापून देतो. खर्चा पण नको. ही फाईल मी पुन्हा उघडत न्हाई."

घरी आले. आर्यन ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता.

"आजी, हे बघ ना... आई दिसत न्हाई."

त्याच्या मोबाईलमधली पीडीएफ. तिला तर कुणी हातच लावला नव्हता. तरी वरची जागा पांढरी.

मी भिंतीकडं बघितलं. चौकट होती. काच होती. हार होता.

आत नुसता फोटो स्टुडिओचा निळा पडदा...

लग्नात फ्लेक्स तसाच लागला. पाव्हणे विचारायचे, "वर मोकळं का सोडलं?"

आर्यन म्हणायचा, "तिथं माझी आई हाय."

मी बाजूलाच उभी. भरजरी नेसून.

लग्नानंतर तो तिच्या माहेरी, जांब समर्थला जाऊन आला. त्यांच्या अल्बमात बहिणी हाईत, मधी एका माणसाएवढी फट हाय. कसं झालं, कुणाला सांगता येईना. परवेजनं तोंड उघडलं न्हाई. मीही न्हाई.

काल नवी सून अर्पिता चहा घेऊन आली. मागं आर्यन. माझ्याजवळ टेकला.

"आजी, फोटो जाऊ दे. तू तर तिला रोज बघितलं. सांग ना, कशी दिसायची माझी आई?"

मी डोळे मिटले.

ती होती तेवढी वर्षं एका चुलीपुढं बसलो आम्ही. तिच्या भाकरीला नावं ठिवली, चालण्याला ठिवली, माहेराला ठिवली. नाक कसं होतं? डोळे?

...काहीच येईना.

सॉफ्टवेअरनं नेलं का मी कधी बघितलंच न्हाई, ते मला कळंना.

"सांग की, आजी."

चहा गार झाला. तो अजून माझ्या तोंडाकडं बघत होता.