तलाठ्याची नखं

तलाठी हे कुत्र्याचं नाव होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही भलताच विचार कराल. रोज सकाळी तो वाडीतल्या प्रत्येकाच्या बांधावरून फिरायचा, कुणी काय पेरलंय ते हुंगून बघायचा आणि चहाच्या वेळेला बरोबर कुणाच्या तरी दारात हजर व्हायचा. म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. मी त्याला जिवंतपणी एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे आली ती त्याची नखं, मीठ भरलेल्या लोणच्याच्या बरणीतून.

माझं दुकान खानापूरच्या बाजारात, मागच्या गल्लीत. चांदीकामाचं. नवरा गेल्यापासून मीच चालवते. मुलांचे वाळे, ताईत, दुधाचे दात चांदीत बसवणं, असली बारीक कामं. वाघनख घेऊन अजूनही कुणी ना कुणी येतंच. "आज्ज्याच्या पेटीतलं हाय आक्का, गुपचूप बसवून द्या." त्यांना मी दारातूनच वाटेला लावते. म्हातारपणी मला फॉरेस्टवाल्यांचा पाहुणचार नको.

रचना आली ती सोमवारी. नंदगडच्या शाळेत शिकवते आणि नदीकाठच्या वाडीत वडिलांबरोबर राहते. तिने बरणी काउंटरवर ठेवली.

"मंगलाक्का, कुत्र्याची नखं बसवून देता काय?"

"कुनासाठी?"

"आप्पांसाठी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचे वडील, भावकूआप्पा, दोन वर्षांपासून एकेक गोष्ट विसरत चालले होते. रोज दुपारी जेवण झालं की उठायचे, डोक्याला पटका गुंडाळायचे आणि स्वतःच्याच घरात उभं राहून म्हणायचे, "चला, घरला जातो." आणि सरळ नदीकडे चालू लागायचे. तिथे मोठा डोह आहे. तलाठी मागून जायचा, धोतराचा सोगा दातात धरायचा आणि त्यांना वळवून परत आणायचा. दोन वर्षं, रोज. मागच्या आठवड्यात वाटेत त्याला फुरसं चावलं. तशातही त्याने आप्पांना दारापर्यंत आणलं आणि मगच अंग टाकलं.

"फणसाखाली पुरला. पुरायच्या आधी मीच नखं काढली, आक्का. आप्पा सारखं इचारत्यात, तलाठी कुठाय, तलाठी कुठाय. गळ्यात असलं तर जरा निवतील."

गिऱ्हाइकाने दुकानात रडलेलं मला खपत नाही. पण त्या दिवशी मी शटर अर्धं ओढलं आणि चहा ठेवला.

खरी भीती तिने चहा पिताना सांगितली. भाऊ युवराज बेंगळूरहून रविवारी येणार होता. आप्पा आता पुन्हा एकदा जरी हरवले, तर त्यांना बेळगावच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. तिथे नावसुद्धा घालून झालं होतं.

"त्याचं बी चुकत न्हाई. मी दिवसभर शाळंत. तलाठी गेल्यापास्नं शेजारीन मागनं जाऊन आनती. दाराला कडी घातली तर आप्पा डोस्कं आपटून घेत्यात. पन तितं नेलं तर चार दिस बी काढायचं न्हाईत ते."

"शनिवारी घेऊन जा," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार!

नख साफ करणं घाईचं काम नाही. उकळत्या पाण्यात टाकलं की ते तडकतं. कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचं, मग आतलं हाड चिमट्याने हळूच ओढायचं. ते निघताना बारीक आवाज होतो आणि जळक्या केसांसारखा वास सुटतो. तो वास दोन दिवस बोटांना राहतो. पोकळीत राहिलेलं मांस खरवडायचं, रिठ्याच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचं, सावलीत वाळवायचं, मग पॉलिश पेपर आणि खोबरेल. शेवटी पोकळीत लाख भरायची आणि वर चांदीचं टोपण बसवायचं. चार नखं होती. बांधून ठेवलेल्या कुत्र्याचं नख वाढून वाकडं होतं. ही चारही टोकाला झिजून बोथट झालेली. एका माणसामागे किती चालावं एखाद्या जिवाने! मी त्या नखांशी मोठ्याने बोलले, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

बुधवारी सकाळी पॉलिश झालं. पांढऱ्या फडक्यावर मांडून नखं स्टीलच्या डब्यात ठेवली आणि जेवून तिथेच काउंटरमागे कलंडले. दुपारी एक ते दोन आमची गल्ली अगदी मेल्यासारखी असते. जाग आली तेव्हा डब्याचं झाकण तसंच घट्ट होतं. आत चारही नखांची टोकं खरखरीत झालेली आणि पोकळीत तांबडी माती. ओली.

वाटलं, नीट धुतलीच नव्हती. वय झालं, दुसरं काय. पुन्हा धुतली, पुन्हा घासली. संध्याकाळी रचनाचा फोन आला.

"आक्का, आज आप्पा आपसूक परत आलं! शेजारीन सांगत हुती."

"बरं झालं की गं."

"व्हय... पन धोतराचा सोगा ओला हुता. चावल्यागत चुरगळल्याला."

"नदीत भिजला असंल."

"पाय कोरडं हुतं, आक्का."

गुरुवारी मी झोपले नाही. डबा उघडा ठेवून समोर बसले. सव्वा वाजला असेल. आधी वास आला, पावसात भिजलेल्या कुत्र्याचा, जरा उबदार. नखं जागची हलली नाहीत. पण त्यांच्या टोकांतून बारीक भुकटी फडक्यावर पडत होती. कानस नाही, पेपर नाही, आणि नखं झिजत होती. मध्येच थांबायची, जणू कुणीतरी कुणासाठी थांबलंय, आणि पुन्हा भुकटी पडायला लागायची. मी भ्याले, खोटं कशाला बोलू. पळत गल्लीत जाऊन उभी राहिले. 

आणि मग मी ते केलं, ज्याचं मला अजून वाईट वाटतं. मला ती वस्तू एकदाची दुकानातून घालवायची होती. शुक्रवारी सकाळीच लाख वितळवली, चारही पोकळ्या भरल्या, वर चांदीची टोपणं दाबून बसवली, कड्या जोडल्या. काम सुरेख झालं होतं. डबा बंद करून वर पाट्याचा जड दगड ठेवला.

एक वाजून गेला आणि डब्यातून आवाज आला. खर्र... खर्र... बंद दाराशी कुत्रं नख घासतं तसा. आधी सबुरीने. मग जोरात. मग वरचा दगड हलायला लागला. मी दोन्ही हातांनी डबा दाबून धरला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का, आप्पा न्हाईत!" रचना धापा टाकत होती. "आज अर्दी रजा घेऊन आलतो मी. घरात न्हाईत, गोठ्यात न्हाईत, वाटंवर न्हाईत. दोन दिस आपसूक येत हुतं म्हनून शेजारनीनं बी बगितलं न्हाई... मी डोहाकडं निगालो..."

फोन तसाच ठेवला. दगड फेकला, दिवा पेटवला. नख जळू नये म्हणून एरवी मी चांदी अगदी लांबून तापवते. त्या दिवशी ज्योतीवर धरली, बोटं भाजली तरी धरली. लाख पाझरली, टोपणं ओढून काढली, पोकळ्या सुईने कोरून मोकळ्या केल्या. चार नखं उंबऱ्याबाहेर उन्हात मांडली आणि हात जोडले.

"चुकलं माझं. जा रं बाळा... जा लवकर."

काही झालं नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी उंबऱ्यावर बसून राहिले आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून त्या कुत्र्याचं नाव घेत राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही. हळूहळू चारही टोकं ओली झाली, आणि खालच्या फरशीवर तांबडं पाणी पसरलं.

फोन पुन्हा वाजला. रचना आता हळू बोलत होती, घरात कुणीतरी झोपलं असल्यासारखं.

"आलं, आक्का. मी अर्द्या वाटंतनंच मागं फिरलो, तर पायरीवर बसल्यात. बरं हायत. पन म्हनत्यात... दोन ताटं वाढ."

"दोन कुनाला?"

"मी बी तेच इचारलं. म्हनत्यात, डोहाजवळ एक बाई बसलीती. तिला बी घर गावंना झालतं, लई वर्सं. तलाठ्यानं दोगास्नी बी आनलं."

मी फरशीवरच्या तांबड्या पाण्याकडे बघितलं.

"आक्का... आप्पांच्या वहाना कोरड्या हायत. पायरीवर ओली पावलं हायत. बाईची. आत गेल्यात... भाईर आलेली न्हाईत."

"भ्या वाटतंय काय गं? मी येऊ?"

"वाटतंय." मग तिचा आवाज फुटला. "पन आप्पांनी आज मला नावानं हाक मारली, आक्का. रचना म्हनालं. दोन वर्सांनी..." तिने नाक ओढलं. "वाढतो मी ताट."

शनिवारी ती आली. मी नखं चांदीत बसवली नाहीत. सैल तोंडाच्या सुती पिशवीत घालून दिली आणि सांगितलं, हिला गाठ मारू नको. तिने का म्हणून विचारलं नाही. डोळ्यांखाली काळं होतं, पण चेहरा शांत होता. ताटाचं काय झालं, हे मीही विचारलं नाही. 

रविवारी संध्याकाळी युवराज दुकानात आला. पस्तिशीचा, भला माणूस. रेल्वेला वेळ होता म्हणून मुद्दाम भेटायला आला होता. एकटाच होता, हे बघून माझा जीव भांड्यात पडला.

"आप्पांना न्हेत न्हाई, आक्का," तो म्हणाला. "आता काळजी न्हाई. रचनानं घरात बाई ठेवलीया, मला बोललीच न्हाई बगा. लई मायेची हाय. दुपारी आप्पा घरला जातो म्हनून उठलं, तर तिनं नुस्ता हात धरला, आनि बसलं की गप! एवढं शांत मी त्यांना कवाच बगितलं न्हाई."

तो जायला वळला, आणि पायरीवर थांबला.

"फकस्त रचनाला एक सांगा. त्या बाईला म्हनावं, लुगडं तरी पिळून आत येत जा. घरभर पानी करती."