शनिवार, साडेसातचा भाग

"चोर शोधायचा न्हाय, बाई," शशिधर म्हणाला. "माझ्यावर उपकार केलेला माणूस शोधायचाय. आणि तोही आजच्या आज."

झुंबरबाई पोवारांनी चष्मा वर सरकवला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. शेजारी गणपतराव बसले होते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बाईंना स्कूटरवरून हिंडवणारे, आणि दर प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत चुकीच्या माणसावर संशय घेणारे.

"नीट सांगा," बाई म्हणाल्या.

शशिधरनं पोटावर हात ठेवला. टाके अजून ओले होते. "राजारामपुरीत माझं ऑफिस आहे. एका जपानी कार्टून मालिकेच्या खाली मराठी ओळी देतो आम्ही. शनिवारी तिकडं रात्री अकराला भाग लागतो. त्याच मिनिटाला इथं साडेसातला मोबाईलवर दिसतो. साऱ्या जगात एकदम. संवाद इंग्रजीत आदल्या दिवशी येतात. मराठी ओळी शनिवारी पाचच्या आत गेल्याच पाहिजेत."

"आणि गेल्या शनिवारी?"

"दुपारी दोनला निम्म्या ओळी बाकी होत्या, आणि मी कळ येऊन खुर्चीतनं खाली. अपेंडिक्स. आमच्याकडं चहापाणी बघणाऱ्या क्रांतीनं रिक्षा बोलावली, दवाखान्यात पोचवलं. शुद्धीवर आलो तेव्हा म्हटलं, संपलं सगळं. पण भाग साडेसातला मराठीत लागलेला! चार पन्नासला आमच्याच कॉम्प्युटरवरनं फाइल गेलेली."

"ऑफिसात कोण कोण?"

"आम्ही चौघं. मी ऑपरेशनच्या टेबलावर, माझी बायको शांभवी दाराबाहेर. विद्याश्री पन्हाळ्याला साखरपुड्याला गेलेली. आदर्श मलकापूरला तापानं पडलेला. तिघंही म्हणतात, मी न्हाई केलं."

"आदर्शच हाय," गणपतराव म्हणाले. "ताप काय, कुणालाबी सांगता येतोय."

"त्याचंच काम असेल तर तो नाव का लपवेल, गणपतराव?" बाईंनी विचारलं.

अजून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि गणपतरावांचा पहिला संशय चुकला होता.

शशिधरनं खरी अडचण सांगितली. टोकियोहून पत्र आलं होतं: त्या दिवशी फाइल कुणी हाताळली, नाव आजच कळवा. वेळेआधी भाग बाहेर फुटू नये म्हणून नोंदीतल्या माणसांनीच तो बघायचा, अशी अट होती. बाहेरच्या कुणी बघितला असेल तर करार बंद.

"आमची सगळ्यांची घरं चालतात ह्याच्यावर," तो म्हणाला. "पण खरं सांगू? करार गेला तरी त्या माणसाला एकदा भेटायचंय मला."

बाई उठल्या. त्यांना हे गिऱ्हाईक आवडलं होतं.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. आतल्या दारावर टोकियोच्या कंपनीचा शिक्का असलेला गुप्ततेचा कागद होता, खाली पाच सह्या. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. टेबलं आरशासारखी लख्ख होती.

"एवढं स्वच्छ कुणी ठेवलंय?"

"आम्ही यायच्या आत झाडून-पुसून झालेलं असतंय," विद्याश्री म्हणाली. ओळी पडद्यावर कधी याव्यात, कधी जाव्यात, हे ती ठरवायची. पन्हाळ्याचे फोटो तिनं न विचारताच दाखवले. सव्वाचारला ती नवरीशेजारी उभी होती.

"पासवर्ड कुणाला माहीत?"

विद्याश्रीनं ओशाळून कीबोर्ड उलटा केला. खाली चिठ्ठी चिकटवली होती.

आदर्श अजून खोकत होता. तो भाषांतर करायचा. "पहिला अर्धा भाग माझा. तापातच केला आणि सकाळी अकराला घरूनच पाठवला. दुसरा अर्धा माझा न्हाई." मग चेहरा पाडून म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा जमलाय."

बाईंनी तो भाग लावायला सांगितला. पहिली दहा मिनिटं नेहमीसारख्या ओळी आल्या. मग ओळी आखूड झाल्या, पडद्यावर जरा जास्त थांबू लागल्या, आणि मधूनमधून कंसात काहीतरी येऊ लागलं. (मागं दार वाजतं.) (लांब कुठंतरी पोरं हसतात.) (शिट्टी थांबते.)

"हे कंस तुम्ही देता?"

"कधीच न्हाई," विद्याश्री म्हणाली. "आवाज तर ऐकू येतोयच की सगळ्यांना."

पडद्याच्या अगदी पुढ्यात एक जुनी लाकडी खुर्ची होती. बाईंनी ती कुणाची, असं विचारलं.

"केरबांची," शांभवी हसली. "क्रांतीचे वडील. शिरोलीच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड ठोकायच्या हॅमरवर होते. ह्यांनीच सांगितलंय, शनिवारी भाग बघायला या म्हणून. एक शनिवार चुकवत न्हाईत."

एवढ्यात दिवा भपकन गेला आणि आला. गणपतराव दचकले. "ह्या लाइटीचं काय खरं न्हाय!"

दारात चहाचा ट्रे घेऊन क्रांती उभी होती, पंचविशीतली, ओढणी कमरेला खोचलेली. ती आत आली, प्रत्येकाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मगच "चहा" म्हणाली.

गणपतराव टोकियोचं इंग्रजी पत्र पडद्यावर बोट ठेवून वाचत होते. "साडेआठपर्यंत टाइम दिलाय की. लई वेळ हाय."

"ते तिकडचे साडेआठ, काका," कप ठेवता ठेवता पत्रावर नजर टाकून क्रांती म्हणाली. "आपले पाच." आणि ती लगेच बाहेर गेली.

बाईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "क्रांतीला बोलवा. सगळे बसा."

चार वाजले होते. क्रांती दाराला टेकून उभी राहिली, आणि बाईंनी तिच्याकडं न बघताच सुरुवात केली.

"हे काम करणाऱ्याला चार गोष्टी हव्यात. किल्ली, पासवर्ड, इंग्रजी, आणि ह्या धंद्याची वेळ. तुम्ही यायच्या आत जी ऑफिस झाडते, तिच्याकडं किल्ली असणारच. कीबोर्ड रोज उचलून पुसते, तिला पासवर्ड दिसणारच. इंग्रजी पत्र आणि टोकियोचं घड्याळ तिला येतं, हे आत्ता गणपतरावांनी दाखवून दिलं."

"मी?" गणपतराव खूश झाले.

"पण हे सगळं दुसऱ्या कुणाकडंही असू शकेल. ते कंस मात्र एकाच माणसाचे. ऐकू येणाऱ्यासाठी कुणी आवाज लिहीत नाही. ज्याच्या घरात ऐकू न येणारं माणूस आहे, तोच रोज सांगतो, दार वाजलं, पोरं हसली. हॅमरवर तीस वर्षं काढलेल्याचे कान शाबूत राहत नाहीत. आणि घरात अशा माणसाला हाक कशी मारायची? दिवा लावून-विझवून. समोर उभं राहून. लाइटीत काही बिघाड नाही, गणपतराव. पोरीची सवय आहे."

क्रांतीचे डोळे भरून आले. "सर, तुम्हाला दवाखान्यात सोडलं आणि परत आले. इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय मी. कॉम्प्युटर चालू होता, निम्म्या ओळी तशाच होत्या. झाडणाऱ्या बाईनं फाइल उघडली असं कळलं तर तुमचंच काम जाईल, म्हणून गप्प बसले."

"पण का केलंस?" शांभवीनं हळूच विचारलं.

"आबांसाठी, ताई. एरवी विनोद समजावून सांगितला की आबा हसतात, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. शनिवारी तेवढे ते ओळी वाचून साऱ्या जगासंगं हसतात. सरांनी त्यांना ती खुर्ची दिली. सर तिकडं पडलेले असताना ती रिकामी कशी ठेवू?"

शशिधरचा चेहरा उतरला. "बाई, हिचं नाव कळवलं तर करार..."

"तुम्ही सकाळी चौघं म्हणालात," बाई म्हणाल्या. "दारावर सह्या किती आहेत?"

शशिधर पोट धरून दारापाशी गेला. पाचवी सही ठसठशीत होती: क्रांती केरबा चौगुले.

"खोलीत येणाऱ्या प्रत्येकाची सही पाठवा, असं त्यांनी सांगितलेलं," तो पुटपुटला. "मीच घेतली. मीच टोकियोला पाठवली, म्हणजे ही त्यांच्या नोंदीत आहेच. आणि माणसं मोजताना मीच विसरलो." तो वळला आणि सगळ्यांदेखत त्यानं क्रांतीला हात जोडले. "चुकलो, पोरी. लई उपकार झाले."

साडेचारला उत्तर गेलं. क्रांतीच्या नावापुढं शशिधरनं हुद्दा लिहिला, भाषांतरकार. बाईंनी फी घेतली नाही, फक्त शनिवारच्या दोन जागा मागितल्या. शुक्रवारी टोकियोहून उत्तर आलं. करार कायम होता, आणि ते कंस पुढंही द्या, असं त्यांनी कळवलं होतं.

शनिवारी सव्वासातला केरबा आपल्या खुर्चीत पाठमोरे बसले होते. शशिधर दारातून आत आला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि थांबला. भिंतीपाशी जाऊन त्यानं दिव्याचं बटण एकदा दाबलं, परत दाबलं.

केरबा वळले. शशिधरनं हात जोडले.

"अवं, हात कसलं जोडताय!" केरबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले. "बसा की, सुरू व्हाय लागलंय!"

साडेसातला भाग लागला. चौथ्याच मिनिटाला विनोद आला आणि सगळे एकदम हसले. केरबा तर सगळ्यांत मोठ्यानं.

फक्त गणपतराव कोरड्या चेहऱ्यानं इकडंतिकडं बघत होते. केरबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"कळलं न्हाय व्हय, पावणं?" ते म्हणाले. "थांबा, मी सांगतो तुमाला."