बिनधास्त लावा

"गेल्या महिन्यातला हा भाग झकास झालाय गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

सुलक्षणा हेर्लेकर चहाचा कप हातात धरून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावर तीच होती. तिचाच निळा कुर्ता, बोलताना भुवई उडवायची तिचीच लकब.

"घरात वीज साठवणारी ही बॅटरी मी स्वतः तपासलीय. बिनधास्त लावा," पडद्यावरची सुलक्षणा सांगत होती.

खरी सुलक्षणा हे कधी बोललीच नव्हती. चाचणीत ती बॅटरी फुगली होती. हिच्यावर कार्यक्रम करायचा नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं.

'खटपट' ही इंटरनेट वाहिनी तिने आणि तिचा वर्गमित्र अभिराम टोपकर याने कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका बंद फाउंड्रीत सुरू केली होती. नवं यंत्र आलं की दोघं ते उघडायची, आत काय आहे ते दाखवायची आणि वाईट असेल तर तोंडावर वाईट म्हणायची. यंत्रवेड्या पोरापोरींनी त्यांना डोक्यावर घेतलं. एकीच्या अनेक वाहिन्या झाल्या. मग अभिरामने 'प्रतिच्छाया' आणली. सुलक्षणाचा चेहरा, आवाज आणि बोलण्याची ढब शिकलेली संगणकप्रणाली. ती तमिळ बोलायची, बंगाली बोलायची, एकाच वेळी हजारो प्रेक्षकांशी गप्पा मारायची. आपलंच बोलणं दुसऱ्या भाषांत जावं, एवढ्यासाठीच सुलक्षणाने होकार दिला होता.

कप तसाच ठेवून ती कचेरीत धडकली.

"माझ्या तोंडी खोटं घातलंस, अभ्या!"

"आवाज चढवू नकोस. बॅटरीवाले जाहिराती काढून निघून गेले असते तर वाहिनी बंद पडली असती."

"मग पडू दे! लोक आपल्याला का बघत होते, विसरलास?"

"लोक तुला बघत होते, सुलू. अजूनही तुलाच बघतायत."

तेवढ्यात मदत-कक्षातली मुलगी फोन घेऊन आत आली. फोनवर गडहिंग्लजच्या शबाना मुल्लाणी रडत होत्या. बॅटरीने पेट घेतला होता, वडील भाजून तिथल्या रुग्णालयात होते.

"ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून लावली ओ!"

सुलक्षणा तडक बाहेर पडली. ती कचेरीच्या पायऱ्यांवर आली आणि स्वतःच्या मोबाइलवरून थेट प्रक्षेपणात बोलायला लागली. "तो चेहरा माझा आहे, बोलणं माझं नाही. बॅटरी आत्ताच्या आत्ता काढा!"

क्षणात 'खटपट'वर प्रतिच्छाया आली. "माझा चेहरा चोरून कुणीतरी अफवा पसरवतंय," ती शांतपणे म्हणाली. खरेपणाची हिरवी खूण तिच्याच नावापुढे होती. खाली प्रेक्षक लिहायला लागले, 'नक्कल लगेच कळते', 'खरी ताई अशी ओरडत नाही'.

ते वाचून सुलक्षणाने मोबाइल खिशात कोंबला. गाडी काढून तिने थेट गडहिंग्लजचं रुग्णालय गाठलं.

शबाना वऱ्हांड्यात बसल्या होत्या. "मी सुलक्षणा," ती म्हणाली. "ती बॅटरी मी नापास केली होती. माझ्या भागीदाराने संगणकातल्या माझ्या चेहऱ्याने तुम्हाला फसवलं. पोलिसांत चला, मी साक्ष देते."

शबानांनी हातातला मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर प्रतिच्छाया डोळ्यांत पाणी आणून, नाव घेऊन घेऊन त्यांची माफी मागत होती.

"ही मघापासून गोड बोलतीय," शबाना म्हणाल्या. "तुम्ही निदान आलात. येते मी पोलिसांत. पण आधी एक सांगा. अब्बांच्या हाताची कातडी गेलीय. मी शिव्या कुणाला घालू? हिला, का हिला आपला चेहरा देणाऱ्या तुम्हाला?"