अकरा सेकंद

पलंगावरून स्टीलची वाटी पडली. फरशीवर गोल गोल फिरत राहिली आणि ठण्ण करून थांबली. तबस्सुमनं श्वास रोखून आतल्या खोलीत पाहिलं. चार वर्षांच्या इनायानं कूस बदलली, आणि घर पुन्हा शांत झालं.

मिरजेतल्या तिच्या घरात दुपारी लेक झोपली की ऑफिस उघडायचं. ऑफिस म्हणजे ओट्याच्या कोपऱ्यावर उभा केलेला संगणकाचा पडदा. "अम्मी, तू पण झोप ना माझ्याजवळ," असं इनाया रोज म्हणायची. तबस्सुम तिला थोपटत "आलेच हं" म्हणायची आणि कधीच जायची नाही.

कानात बसवायची अनुवाणी येऊन सहा वर्षं झाली होती. समोरचा कुठल्याही भाषेत बोलला तरी तुमच्या कानात तुमचीच भाषा पडायची, तीही त्याच्याच आवाजात. तबस्सुम पुण्यात भाषाशास्त्र आणि स्वाहिली शिकली होती. तिच्या वर्गातलं कुणी आता विमा विकत होतं, कुणी केक करत होतं. तिला मिळाली ती उरलेली एकच नोकरी, पडताळणीची. परदेशी रुग्णाशी शस्त्रक्रियेआधी झालेल्या संवादाखाली एका माणसाची सही हवी, असा कायदा होता. रोजचे चाळीस संवाद. ऐकत बसायला वेळ कुणाला? सगळे मराठी मजकूर वाचायचे आणि 'योग्य' दाबायचे. तीही तीन वर्षं तेच करत आली होती.

आज मात्र वाटीच्या आवाजानं दचकून तिचं बोट शेजारच्या खुणेवर पडलं. 'मूळ आवाज'.

मजकूर साधाच होता. टांझानियाहून आलेली नऊ वर्षांची रेहेमा, पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया, आज साडेचारला. भूलतज्ज्ञ डॉ. हेर्लेकर बाईंनी वॉर्डातल्या आईला प्रश्न मुद्रित करून पाठवला होता, "हिला याआधी कधी भूल दिली होती का? काही त्रास?" खाली आईचं, म्वानाइदीचं, उत्तर. "नाही."

मूळ आवाजात प्रश्नानंतर काहीच नव्हतं. पंख्याची घरघर. कुणा पुरुषाचं खाकरणं. तबस्सुमनं मोजले, अकरा सेकंद. मग श्वासाइतक्या बारीक, कापऱ्या आवाजात आलं, "हपाना." नाही.

अनुवाणीनं शब्द चुकवला नव्हता. मधली शांतता कापून तिनं आवाजाला इस्त्री केली होती. अडखळणारी माणसं गिऱ्हाइकांना आवडत नाहीत, म्हणून ती घडवलीच तशी होती. डॉक्टरांनी नंतर ऐकलं ते एक ठाम, तत्काळ 'नाही'.

तबस्सुमला स्वतःचा निकाह आठवला. वधूची संमती घेणारे वकील म्हणून आलेल्या मामूंनी विचारलं होतं, कबूल आहे? ती गप्प. भोवतीच्या बायका म्हणाल्या, पोरगी चूप म्हणजे कबूलच, लिहून टाका. मामू जागचे हलले नाहीत. "तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठत नसतो," म्हणत मांडी घालून बसले. लग्नानंतर नोकरी करू देणार का, एवढंच तिला विचारायचं होतं. मामू बाहेर जाऊन विचारून आले, तेव्हा कुठं ती हो म्हणाली.

तिनं आपल्या वरिष्ठांना, पोतनीसांना, फोन लावला.

"शब्द चुकलाय का?" पोतनीसांनी विचारलं.

"नाही. पण ती बाई अकरा सेकंद गप्प आहे."

"गप्प बसण्याची पडताळणी आपण करत नाही, तबस्सुम. योग्य दाबा. अजून सव्वीस बाकी आहेत तुमचे."

"दाबणार नाही."

"मग वडिलांच्या दुकानात सतारीला तारा लावत बसावं लागेल."

"तिथंही कान लागतोच, सर."

तिनं 'अयोग्य' दाबलं. पडद्यानं कारण विचारलं. चुकीचा शब्द, गाळलेला शब्द, इतर. 'इतर'पुढे तिनं लिहिलं, 'ऐका.' पण तिकडं कोण ऐकणार होतं? अर्धवट झोपेतल्या इनायाला खांद्यावर टाकून ती रिक्षानं गावातल्याच त्या रुग्णालयात पोचली.

"नोंदीत स्पष्ट 'नाही' आहे हो," डॉ. हेर्लेकर म्हणाल्या. तबस्सुमनं त्यांना कानातलं काढायला लावून मूळ आवाज ऐकवला. खाकरणं आलं तसं त्यांचं कपाळ आक्रसलं. "तो मुलीचा मामा. सगळं त्यानंच जमवलंय."

"मग त्यांना जरा बाहेर न्या. तुमच्याकडं फॉर्म काही कमी नसतील."

सिस्टर मामाला फॉर्म भरायला घेऊन गेल्या. तबस्सुमनं म्वानाइदीच्या कानातली अनुवाणी हळूच उतरवली आणि शेजारी बसली.

"निपो. सिना हराका." मी इथंच आहे. मला घाई नाही.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. तबस्सुमनं पाहिलं नाही. ती बसून राहिली, मामूंसारखी. बऱ्याच वेळानं म्वानाइदीनं हात पुढं केला, इनायाच्या विस्कटलेल्या केसांवरून फिरवला, आणि बोलू लागली.

दोन वर्षांपूर्वी रेहेमाचा हात मोडला होता. भुलीचा वायू दिला आणि पोरीचं अंग तव्यासारखं तापलं, लाकडासारखं ताठ झालं. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. भाऊ म्हणाला, हे सांगितलंस तर इथूनही परत पाठवतील. भावानं एवढं केलेलं, त्याच्यासमोर कसं बोलणार?

तबस्सुमनं शब्द न् शब्द सांगितला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आज मी तोच वायू देणार होते." "परत कुणी पाठवणार नाही म्हणावं. आज रद्द. तपासण्या करू आणि वेगळी भूल देऊ." मग तबस्सुमकडं वळून म्हणाल्या, "उद्या याल? माझ्या यादीत असे आणखी नऊ आहेत."

जिन्यात फोन वाजला. पोतनीसांचा निरोप होता, सेवा समाप्त. त्याखालीच पंधरा दिवस उत्तराविना पडलेला दुसरा निरोप होता. पुण्यातला तिचा भाषाशास्त्राचा विभाग बंद होणार होता आणि शेवटच्या तुकडीतल्या सहा विद्यार्थ्यांनी तिथली जुनी विद्यार्थिनी म्हणून तिला विचारलं होतं, मॅडम, भाषा शिकून आम्ही पुढं काय करायचं?

पायरीवर बसून तिनं उत्तर बोलून पाठवलं. "सोमवारी मिरजेला या, सहाही जण. पदाला नाव नाही आणि पगाराचं मी भांडून बघते. कानातलं काढून माणसाशेजारी बसायचं आणि तो बोलेपर्यंत उठायचं नाही. हे काम नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडं पाठवा."

इनाया मांडीवर पूर्ण जागी झाली होती. "अम्मी, ती ताई बरी होणार?"

"होईल, बाळा."

"तू ऐकलंस म्हणून?"

तबस्सुमला खोटं बोलवेना. "तुझी वाटी पडली म्हणून ऐकलं."

इनाया खूश झाली. मग तिनं मान वर केली.

"पण काल तर माझी वाटी पडलीच नव्हती. मग कालची ताई?"