एका काठीचा आवाज

माझा धाकटा गल्लीभर सांगत फिरतोय, की दादाच्या अंगावर फळी पडली.

फळी म्हणे.

त्या दुकानात फळीच नव्हती. एकही नाही. भिंती उघड्या, वर छत, खाली फरशी. आणि वर आणखी सांगतो, "आईचं वय झालंय, तिला काहीबाही भास होतात."

म्हणून लिहायला बसले. शाळा माझी जेमतेम, पण डोळे आणि कान शाबूत आहेत. ज्याला खोटं वाटेल त्याने येऊन माझं मनगट बघावं. वाकडं जुळलंय.

आमच्या रस्त्यावर पूर्वी सगळी घरची दुकानं होती. बाप गल्ल्यावर, पोरं कामाला, बायका मागच्या खोलीत. घड्याळवाला होता, डोळ्याला भिंग लावून बायकोकडेही तसाच बघायचा. छत्रीवाला होता, तो स्वतः कायम भिजलेला. आमचं दुकान बटणं, दोरे आणि चेनचं. सासऱ्यांनी टाकलेलं. नवरा गेल्यावर मी चालवलं, आणि त्याच्यापेक्षा चांगलं चालवलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून गादीवाल्यांचं दुकान.

दोघे भाऊ. खोळीत कापूस भरायचा, तोंड शिवायचं, मग दोन बाजूंनी दोघांनी उभं राहून काठ्यांनी गादी झोडायची. एकाची काठी वर, दुसऱ्याची खाली. धप्-धप्... धप्-धप्. दिवसभर. आमच्या बरणीतली बटणं त्या तालावर हलायची.

एकट्याने गादी कधी झोडायची नाही, हा त्यांच्या बापाचा नियम. एका काठीने कापूस एका अंगाला सरकतो आणि गोळा होतो.

दुसरी एक रीत होती. गिऱ्हाईक उभं राहायचं. तळवा गादीवर दाबून बघायचं. मनासारखी झाली की म्हणायचं, "बसली." तो शब्द ऐकल्याशिवाय भाऊ काठी खाली ठेवायचे नाहीत. घड्याळवाल्याच्या बायकोने एकदा मुद्दाम संध्याकाळपर्यंत झोडायला लावली होती. मेली तशीच होती.

मग बाप गेला, आणि भावांचं दुकानावरून फाटलं.

एका दुपारी नवरा जेवायला गेला होता, म्हणून दुकानात मी बसले होते. टळटळीत ऊन. आवाज येत होता.

धप्...

धप्...

धप्...

सगळा रस्ता ऐकत होता. कोणाला काही वाटलं नाही. कामच ते त्यांचं. छत्रीवाला तर त्या आवाजावर पेंगत होता.

माझ्या मात्र कानाला खटकलं. दोन धपांच्या मधली जागा रिकामी होती...

एकच काठी.

मी उठून गेले. आत कापूस उडत होता. थोरला भाऊ एकटाच गादी झोडत होता, घामाने निथळत. धाकटा कुठे दिसेना.

गादी आकाराने नीट नव्हती. मधे उंच, एका टोकाला दोन टेंगळं. गुडघ्यांसारखी.

खोळीचं तोंड शिवलेलं होतं. आणि शिवणीतून लाल पाझरत होतं.

थोरल्याने मान वर केली. चेहरा नेहमीसारखा. अगदी नेहमीसारखा.

मला म्हणाला, "वहिनी, गोळा काही केल्या बसत नाही बघा."

आणि पुन्हा काठी उचलली.

पुढचं पोलिसांनी बघितलं. काठ्या ते घेऊन गेले. तो थोरला तुरुंगातच संपला. दुकान बंद झालं. हळूहळू रस्त्यावरची बाकीचीही गेली, आता सगळीकडे मोबाईल आणि त्यांची कव्हरं. पण तो गादीवाला मला काय म्हणाला, ते मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोलिसांना नाही, पोरांना तर नाहीच. तोंडातून निघेचना.

हे लक्षात ठेवा.

चार-पाच महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्याला अवदसा आठवली. ते दुकान घ्यायचं, मधली भिंत पाडायची, एक मोठं दुकान करायचं. मी नाही म्हटलं. माझा थोरला नाही म्हणाला. धाकट्याने परस्पर करार करून चावी आणली.

साफ करायला बाई लावली. चौथ्या दिवशी तिने चावी माझ्यापुढे ठेवली.

"तुमच्या पोराला सांगा, कापूस दुसरीकडे ठेव म्हणावं. झाडते आणि परत पडतो."

"कापूस? कुठून आला?"

"मला काय विचारता? रोज ढीग निघतो. आणि आत खोकला येतो."

"तुला?"

"नाही... मला नाही."

परत आली नाही. धाकटा हसला. म्हणाला, पैसे वाढवून मागायची ही पद्धत.

त्याच दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर दोघे भाऊ भिंतीवरून भांडले. थोरला म्हणाला, "चल, तिथेच दाखवतो तुला, भिंत पाडली तर वरचं छत कसं खाली येईल." दोघे शेजारी गेले. मी दुकानात. एक बाई कोटाचं बटण जुळवत होती. तपकिरी, चार भोकांचं.

बरणीतली बटणं हलली...

धप्...

बाई म्हणाली, "शेजारी काम चाललंय वाटतं."

धप्...

मी थांबले. दुसऱ्या काठीची वाट बघितली. देवाशपथ, मनात म्हणत होते, येऊ दे, दुसरी येऊ दे.

धप्...

एकच.

मी तशीच धावले. बटण हातातच राहिलं. शटर अर्धं खाली होतं, वाकून आत गेले.

फरशीवर रंगकामासाठी आणलेली ताडपत्री पडली होती. तिच्याखाली कोणीतरी पाय पोटाशी घेऊन आडवं. बाहेर फक्त थोरल्याची चप्पल.

आणि धाकटा उभा. दोन्ही हात डोक्यावर, मुठी आवळलेल्या.

मुठींत काहीच नव्हतं.

हात खाली आले... धप्. ताडपत्री मधोमध दबली. आतून हाड मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी ओरडले. त्याने मान वर केली. चेहरा नेहमीसारखा.

"आई," तो म्हणाला, "गोळा काही केल्या बसत नाही बघ."

आईचे पाय आहेत, पुढे गेलेच. मी मधे हात घातला.

मनगटावर लाकूड बसलं. दिसलं काही नाही. पण लाकूडच होतं, त्याचा खडबडीतपणा मला कातडीवर कळला. मनगट लोंबायला लागलं.

त्याचे हात पुन्हा वर गेले. मागे कोणीतरी खोकलं... आम्हा तिघांपैकी कोणी नव्हतं.

मला तेव्हा कुठून सुचलं, माहीत नाही. मी गुडघ्यावर बसले. चांगला हात ताडपत्रीवर ठेवला. खाली माझं पोर, ओलं, गरम. तळवा दाबला, जसं गिऱ्हाईक दाबायचं.

आणि म्हणाले, "बसली."

वरचे हात तिथेच थांबले.

"बसली म्हणते ना. ठेव काठी."

फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. लांबट, लाकडी. घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

धाकटा खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला.

थोरला वाचला. बरगड्या मोडल्या, जबडा तारेने बांधला, एक कान कायमचा गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, दांडक्याने कोणी मारलं?" मी म्हटलं, तुम्ही पट्टी बांधा. धाकट्याचे दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. त्यांत कुसळं होती. जुन्या लाकडाची.

फळी पडली म्हणे.

करार मोडला, चावी परत दिली. भिंतीपलीकडे आता शांत असतं. मी तरी दुपारी कान देऊन बसते.

धाकटा परवा आला. समोर बसला. थोरला आतल्या खोलीत पडून होता, अजून पेज पितो.

"आई, दादाशी बोलायचंय. जरा दार लावून. आम्ही दोघंच."

"कशाला?"

"असंच. भाऊ आहे माझा."

बोलताना त्याचा उजवा हात मांडीवर होता. मूठ आवळलेली. वर जात होती, खाली येत होती. हलकेच... थांबून... परत. त्याचं लक्षही नव्हतं.

मी त्या हाताकडे बघितलं. मग उठले, आतल्या दाराला पाठ लावून उभी राहिले आणि त्याला सांगितलं:

"तू माझा आहेस. तू खुनी नाहीस, हे मी कोणापुढेही सांगेन. पण मी जिवंत आहे तोवर तू आणि तो एका खोलीत एकटे बसणार नाही. आणि मी मेले, की त्याच दिवशी तू हे शहर सोडायचं. माझ्यासाठी रडायचं असेल तर गाडीत बसून रड."