अदमासाचं बोलणं

वैजयंतीबाईंच्या तोंडून दोन वर्षांत एक शब्द फुटला नव्हता, आणि तरी त्या दिवसभर बोलत असत. पक्षाघाताने वाचा नेलेल्या माणसांचं आता हे नेहमीचंच झालं होतं. कपाळाला मऊ पट्टा, कोपऱ्यात संगणक, त्याला जोडलेला स्पीकर. पट्टा मेंदूतले संकेत टिपायचा, संगणक त्यांचे शब्द लावायचा आणि स्पीकरमधून ते त्या माणसाच्या जुन्या आवाजात ऐकू यायचे. लोक या सरंजामाला वाणीपेटी म्हणत. लग्नकार्यात एखादी आजी वाणीपेटीतून सुनेला टोमणे मारू लागली, तरी कुणी मान वळवून बघत नसे.

सुहास कोष्टींनी इचलकरंजीत उभा जन्म कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान चालवलेलं. त्यामुळे बायकोच्या पेटीला परक्या माणसाने हात लावलेला त्यांना खपत नसे. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी स्वतः ती उघडली, धूळ काढली, हॉलमधून खोलीत आणून भिंतीला टेकवली. तेव्हापासून पेटीचा नूरच पालटला होता.

गणपती तोंडावर आले असताना मिरजेच्या प्रयोगशाळेतून डॉ. रुबीना मुजावर तपासणीला आली. वाणीपेटी घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ती एक.

"बसा डॉक्टर," स्पीकरमधून वैजयंतीबाईंचा आवाज आला. "दमून आला असाल. अहो, चहा टाका की."

"बघा!" सुहासराव खुलले. "दिवाळीआधी एकेक शब्द अडखळत यायचा. धूळ काढली आणि घडाघडा बोलायला लागली. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, पहिल्यापासून तिखट जीभ तिची. आता एक वाकडा शब्द नाही."

रुबीनाने पेटीवर हात ठेवला होता. "काका, ही गार कशी?"

"पंखेसुद्धा वाजत नाहीत आता!"

तिने झाकण काढलं. ग्राफिक्स कार्ड आपल्या खाचेत नीट बसलेलं होतं. पॉवर सप्लायकडून त्याच्याकडे यायची ती जाड केबल मात्र तळाशी वेटोळं होऊन पडली होती.

सुहासरावांचा चेहरा पडला. "पण मग कार्ड चाललं कसं? आमच्या वेळी ही केबल राहिली की पडदा काळा. गिऱ्हाईक लगेच दारात."

"तुमच्या वेळचं कार्ड अडून बसायचं. हे अडत नाही, आम्हीच तसं केलंय." रुबीना खाली बसली. "खाचेतून कार्डाला जेमतेम वीज मिळते. मेंदूचे संकेत उलगडायचे तर अगणित गणितं एकदम सोडवावी लागतात, ती भूक या केबलनेच भागते. पण वीज कमी पडली म्हणून माणूस एकदम मुका होऊ नये, यासाठी एक सोय ठेवलीय. अदमास म्हणतो आम्ही तिला. अर्धपोटी कार्ड पट्ट्याकडे लक्ष देणं सोडतं. समोरचा काय बोलतो ते ऐकतं आणि उत्तर अदमासाने देतं. ज्या उत्तरावर समोरच्याचा आवाज खुलतो, ते पक्कं करत जातं. मागे पिवळा दिवा लागतो तेव्हा."

पेटीची पाठ भिंतीकडे होती.

"म्हणजे दिवाळीपासून..."

"दिवाळीपासून काकू बोललेल्याच नाहीत, काका."

खुर्चीतून वैजयंतीबाई दोघांकडे बघत होत्या. उजवं अंग गेलेलं. डावा हात तेवढा खुर्चीच्या दांडीवर आपटू लागला, आणि ती खटखट ऐकताच स्पीकर बोलला, "हाताला मुंग्या आल्यात हो. जरा चोळता का?"

सुहासराव सवयीने उठले आणि मध्येच थबकले. दहा महिने ते तो हात चोळत आले होते.

रुबीनाने केबल उचलली. "लावू?"

"आजचा दिवस राहू द्या," ते म्हणाले, आणि स्वतःचीच लाज वाटून घाईने बोलू लागले, "संध्याकाळी आम्ही बसतो. ती म्हणते, तुम्ही होतात म्हणून निभावलं. संसारात कधी म्हणाली नव्हती हो. हे लावलं की ते जाईल ना?"

"ते काकू म्हणत नव्हत्या."

"कळलं मला. म्हणून तर विचारतोय."

"राहू द्या हो डॉक्टर," स्पीकर लाघवीपणे म्हणाला. "आमचं छान चाललंय."

वैजयंतीबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते बघितलं मात्र आणि सुहासरावांनी रुबीनाच्या हातून केबल ओढूनच घेतली. पेटीची वीज बंद केली, प्लग कार्डात दाबला, टक् झाल्यावरही एकदा खेचून बघितला आणि बटण दाबलं. पंखे घरघरू लागले. सुहासराव स्पीकरकडे कान देऊन बसले.

"साखर," आवाज तोच, पण शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. "चहात... साखर... नको. कधीची... सांगतेय."

सुहासरावांना हसू आणि रडू एकदमच आलं. रुबीना हळूच ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"मीच तुझं तोंड बंद केलं गं," ते म्हणाले.

"चूक... होते माणसाकडून." पुन्हा नुसते पंखे. मग, "दुकान... बंद केलंत. त्या रात्री... रडलात. मला... माहीत नव्हतं."

"तुला सांगितलं की मी. गेल्या महिन्यात."

"तिला... सांगितलंत."

सुहासरावांनी केबल पुन्हा एकदा चाचपली.

"मी... इतकी वर्षं... इथेच होते." या वाक्याला फार वेळ लागला. "मला... सांगा. तसंच."

"सांगतो. सगळं सांगतो. ऐक, त्या दिवशी काय झालं..."

"अहो. तिकडे... नको. इकडे... बघा."

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आपण स्पीकरकडे तोंड करून बोलतोय. इतके महिने तसंच बोलत आलो. त्यांनी वळून बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. एका बाजूला ओढलेले ओठ, रडून लाल झालेले डोळे, आणि त्या डोळ्यांत ऐकायची सगळी तयारी. त्यांचा जीव तिच्यासाठी तुटला. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला, तोंड उघडलं, आणि तिच्याकडे बघत असताना त्यांना एक शब्द सुचेना.