शिवेवरचं ढेकूळ

सरका रे पोरांनो जवळ. ही ऐकीव गोष्ट नाही. अवसरीकडच्या आपल्या दादाभाऊवर बेतलेली, यंदाच्या पौष अमावस्येची.

दादाभाऊ मंचरला गेला होता तो फक्त जेसीबी ठरवायला. त्याच्या उसाला शिवेवरचा मातीचा जुना बांध आडवा येतो. पुरुषभर उंच, लांबच लांब. पुण्याहून आलेली पुरातत्त्व खात्याची माणसं म्हणाली, हा हजारो वर्षांपूर्वीचा असावा, राखायला हवा. पण त्या बांधापायी ट्रॅक्टर शेतात जाईना. तोडकरीही फिरकेनात. मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहून बायकोची, कुशाबाईची, मान आखडली होती. मग ह्यानं पुणेकरांना ठोकून दिलं, "ह्यो माज्या आज्यानं घातलाय." त्यांना पटलं. सकाळी बांध फुटायचा होता.

रात्री साडेअकराला तो मोटारसायकलवरून परतत होता. बांधाशी एक म्हातारा चाललेला दिसला. एवढ्या थंडीत उघडाबंब. डोक्यावर मातीचं ओलं ढेकूळ. दादाभाऊ मनाचा चांगला, त्यानं गाडी थांबवली.

"बसा बाबा, सोडतो. रातचं ढेकूळ कशाला वाहताय?"

म्हातारा मागं बसला. "शीव चालतुया."

दादाभाऊनं गाडी दामटली. पूर्वी शिवेचा तंटा झाला की माणूस डोक्यावर ढेकूळ घेऊन शीव चालायचा आणि खरं सांगायचा. खोटं बोलेल त्याचं ओझं मरेपर्यंत उतरत नाही, असं त्याचा आजाच सांगायचा.

"बांध कुनी घातला?" मागून आवाज आला.

"मा... माज्या आज्यानं."



हेल्मेट जड झालं. आणखी जड. मान वाकली... गळ्यावरून गार काहीतरी ओघळलं. त्यानं आरशात पाहिलं.

सीट रिकामी...

"चुकलो बाबा! न्हाई आमचा! कुनाचा, ठावं न्हाई!"

ओझं उतरलं.

उजाडताच त्यानं जेसीबी परत पाठवला, पुण्याला फोन करून खरं सांगितलं. बांध वाचला. कुशाबाई मात्र लई चिडली. "तुमी खरं बोललात, पन मोळ्या माज्याच डोक्यावर!" तिचं तरी काय चुकलं?

त्या रात्री दार आतून लावून दोघं झोपली. पहाटे शेतात गेली, तर बांधाआडच्या सगळ्या मोळ्या रस्त्याकडेला रचलेल्या. वरच्या मोळीवर कुशाबाईची डोक्यावरची चुंबळ. चिखलानं चिंब...

चुंबळ रात्री तिच्या उशाशी होती.